खेळ रचण्याची विद्या
‘संगणकावरील खेळ रचावयास शिकणार!’ हे ऐकताच इंदूरच्या मराठी पालकांच्या कपाळास आठी पडते, स्वाभाविकच आहे. पण खेळणे निराळे, रचणे निराळे. सापशिडीत शंभराच्या तोंडाशीच लांब साप का बसवावा, हा विचार म्हणजे ही विद्या. कागद-फाशांवरही ती गिरवता येते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूरू केंद्रात तिचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

अर्थार्जनाची वाट मात्र खडतर. पुण्यात घडलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगभर पोहोचला खरा. पण त्याआधी लोकवर्गणीचा प्रयत्न फसला आणि संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी त्यापायी आपली सदनिका विकली.

तेव्हा बंगळूरूचे तिकीट काढण्यापूर्वी पाल्याने रचलेला एखादा खेळ शेजारच्या मुलांपुढे मांडावा. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतात का, ते पाहावे.