भीमाखोऱ्याचे दोन नकाशे

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते आणि त्याची छायाचित्रे छापून येतात. त्या मंदिराभोवतीचे मळे, पाणंदी, नदीचे उतार कोठे होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्यापूर्वीचे खोरे आज पाहावयाचे, तर ते नकाशांतच पाहिले पाहिजे.

हे नकाशे दोन प्रकारचे. पहिला महसुलाचा. प्रिंगल यांची १८२० च्या दशकातील अवाजवी आकारणी कोसळल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातच नव्या पाहणीस हात घातला. या पद्धतीची शंकुसाखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रतही आण्यांतच ठरे आणि आकार ३० वर्षे कायम राही. द्यावयाचे किती, हे शेतकऱ्याला आधी कळू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जे सारा देत नाही, ते या नकाशाला फारसे दिसत नाही. बांध न् बांध त्यात आहे, चढउतार नाही.

दुसरा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, मैलास एक इंच प्रमाणाचा. त्यात समोच्चरेषा, विहिरी, देवळे, गाडीवाटा आहेत. शेत कोणाचे, हे नाही.

पूररेषा आखताना नेमके हे दोन्ही लागतात. पाणी किती चढेल हे एकावरून कळते, ते कोणाच्या रानात शिरेल हे दुसऱ्यावरून. पूर्वी अडचण परवानगीची होती. (नकाशा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो विद्यार्थ्याच्याही हाती द्यावयाचा नाही, हा न्याय आपण बराच काळ चालविला!) २००५ च्या नकाशा धोरणाने खुली मालिका निराळी काढली, २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निर्बंध आणखी सैल केले. परंतु आजच्या पत्रकावर जलाशय निळा रंगविलेला असतो. बुडालेले खोरे धरणापूर्वीच्या पत्रकातच सापडावयाचे. ती पत्रके गावनकाशांशेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम खोऱ्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी अंगावर घ्यावे. त्यास फार पैसा लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे. १९८० साली विशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या पुढे गेला आहे, आणि पत्रकावरच्या बिननावाच्या ओढ्याला गाव काय म्हणत असे, हे त्यालाच विचारावे लागेल.