आवाजाने दिसणारं छिद्र

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. गंमत ऐका: आईच्या पोटात असताना या पडद्यात आपल्या सगळ्यांनाच एक चोरवाट होती! फुप्फुसं तेव्हा कामाला लागलेली नसतात, म्हणून रक्त परस्पर पलीकडे जातं. जन्मानंतर ती वाट बहुतेकांची मिटते. काही बाळांचा पडदाच मात्र पुरता तयार होत नाही, तिथे छिद्र राहतं. मग डावीकडचं रक्त उजवीकडे शिरतं आणि उजव्या बाजूवर कामाचा भार वाढतो.

असं मूल मजेत खेळतं, पळतं. पुष्कळदा घरात कुणाला पत्ताही नसतो. एखाद्या दिवशी डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, ठोक्यांच्या मध्ये फुसफुस ऐकू येते आणि ते सांगतात, ‘टू-डी इको करून घ्या.’

या तपासणीत छातीला गारेगार जेल लावून प्रोब नावाचं हातात धरायचं उपकरण टेकवतात. सुई नाही, दुखणं नाही. आपल्या कानांना सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचं ऐकूच येत नाही, आणि प्रोबचा आवाज असतो लाखो कंपनांचा! तो आत जाऊन आपटतो, परत येतो, आणि त्या प्रतिध्वनींतून यंत्राच्या स्क्रीनवर धडधडणारं हृदय उमटतं. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५३ साली डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी याची सुरुवात केली. त्यांनी हृदयाला काय लावलं, माहितीये? धातूतल्या भेगा शोधायचं उसनं आणलेलं यंत्र!

आता खरी कसोटी. आवाज पडद्याला समांतर गेला, तर पातळ पडद्यावरून प्रतिध्वनी नीट परतत नाही, आणि नसलेलं छिद्रही दिसू लागतं! म्हणून डॉक्टर प्रोब बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर ठेवतात. तिथून आवाज पडद्यावर जवळजवळ काटकोनात आदळतो. मग ते रंगांचं बटण दाबतात. प्रोबकडे येणारं रक्त लाल दिसतं, दूर जाणारं निळं. पडद्यातून लाल झोत आरपार येताना दिसला, की छिद्र पक्कं. मला तर हा क्षण फारच भारी वाटतो.

लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं असेल आणि जागा सोयीची असेल, तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. नळीतून तारेच्या जाळीच्या दोन चकत्या उलगडतात, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसतात, आणि काही महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर त्यांच्यावर चढतं.