वजनकाटा काय सांगत नाही?

प्रकृती ठणठणीत, वजन बेताचे, कसलेही औषध चालू नाही. मग मधुमेहाची किंवा हृदयविकाराची काळजी कशाला? शहरातील पुष्कळ सुशिक्षित माणसे असा विचार करतात. पण हे रोग एका दिवसात जडत नाहीत. त्यांची तयारी शरीरात कित्येक वर्षे मुकाट्याने चालू असते.

ही तयारी कशी ओळखावी? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ प्रौढांची पाहणी सुरू झाली. त्यांच्यात हृदयविकाराची उघड लक्षणे नव्हती. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होई. रक्तदाब व कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना पुढे हा विकार अधिक प्रमाणात होतो, असे दिसून आले. अशा गोष्टींना ‘जोखीमघटक’ म्हणतात. जोखीमघटक असला म्हणजे रोग होईलच असे नाही; मात्र त्याची शक्यता वाढते.

लठ्ठपणा हाही एक जोखीमघटक. तो मोजण्यासाठी वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागतात. यालाच ‘बीएमआय’ म्हणतात. उंची १.६० मीटर व वजन ५७ किलो असेल, तर उत्तर येते २२.३, म्हणजे अगदी बेताचे.

येथेच एक गंमत आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडले. सारख्याच बीएमआयला भारतीयांत बहुधा स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातली, जास्त असते. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

शरीराला तो कळतो. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी असले आणि पोटातील चरबीमुळे इन्शुलिनचा प्रभाव घटला, की साखर रक्तात साठू लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि शहरांतील प्रमाण खेड्यांहून बरेच अधिक आहे.

मग काट्याच्या जोडीला काय वापरावे? शिंप्याची टेप! सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानतात. बीएमआयची सीमाही आपल्यासाठी २५ ऐवजी २३ धरतात.

विद्यार्थ्यांना घरातील मोठ्यांची अशी मोजमापे घेऊन तक्ता करण्यास सांगावे. या सीमा प्रौढांसाठी आहेत. त्या मुलांना लावू नयेत. तक्त्यावर नावेही नकोत. ज्यांचा आकडा सीमेपलीकडे जाईल, त्यांनी घाबरून न जाता रक्तदाब व उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही; चालणे, आहार आणि तंबाखूला नकार मात्र नक्कीच आहे.