बुजऱ्या मुलीचा बोलघेवडा व्यापारी

भूमिका घेऊन खेळायच्या खेळात समोरच्याचे मन वळवणेही फाशावर ठरते. मग बोलायचे कशाला? आणि ज्याला चारचौघांत बोलताच येत नाही, त्याने खेळायचेच नाही का?

सुट्टीतली संध्याकाळ आहे. जेवणाच्या टेबलाभोवती पाच मुले बसली आहेत. मध्ये कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक फासा. खेळातल्या कथेत रात्र झाली आहे. गावाची वेस बंद आहे आणि आत एक मूल तापाने फणफणले आहे. औषध या पाच जणांजवळ आहे, पण पहारेकरी दार उघडायला तयार नाही.

पाचांत तेरा वर्षांची एक अबोल मुलगी आहे. तिने मुद्दाम बोलघेवड्या व्यापाऱ्याची भूमिका घेतली आहे. ती चाचरत म्हणते, ‘‘मी... मी त्याला समजावते.’’

लगेच कोणीतरी हसते, ‘‘अशी बोललीस तर कोण दार उघडेल?’’

ती गप्प होते, ती खेळ संपेपर्यंत.

असा प्रसंग कुठल्याही घरी घडू शकतो. हसणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याला खेळातला एक साधा नियम नीट कळलेला नसतो, इतकेच.

हा खेळ आहे तरी काय?

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. २०१६ साली सुरू झालेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे आपल्याकडच्या अनेक मुलांनाही त्याचे नाव ठाऊक झाले. एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो, बाकीचे कथेतली पात्रे होतात. सापशिडीत सगळे फासाच ठरवतो, बुद्धिबळात सगळे खेळाडूच ठरवतो. इथे मात्र दोघांचाही वाटा असतो.

लढाईत फासा टाकायचा, हे कोणालाही पटते. पण बोलण्यातही फासा पहिल्यापासून आहे. १९७४च्या नियमांतच अनोळखी प्राणी भेटला की दोन साधे फासे टाकायची सोय होती. बेरीज २ ते ५ आली तर तो उलटतो, ६ ते ८ आली तर काही सांगता येत नाही, ९ ते १२ आली तर तो अनुकूल होतो. पुढे २०१४च्या नियमांत मन वळवणे, थाप मारणे, दरडावणे आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखणे अशी वेगवेगळी कौशल्ये होती.

हिशेब सोपा आहे. वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याची भर घालायची. मध्यम कठीण कामाला बेरीज किमान १५ व्हावी लागते. ज्याची भर शून्य, त्याला शंभरात ३० वेळा यश मिळेल. पाचाची भर असलेल्या व्यापाऱ्याला ५५ वेळा मिळेल.

पहिलवानाला कोणी सिलिंडर उचलायला लावते का?

आता त्या मुलीकडे वळू या. पहिलवानाची भूमिका घेतलेल्या मुलाला ‘आधी घरातला गॅसचा सिलिंडर उचलून दाखव’ असे कोणी म्हणत नाही. मग व्यापाऱ्याची भूमिका घेतलेल्या मुलीने खरोखरच फर्डे बोलून दाखवावे, हा हट्ट का? गोड जीभ पात्राची आहे. तिचा हिशेब फासा ठेवतो.

उलट बाजूही पाहा. एखादा मुलगा मुळातच बोलण्यात पटाईत असतो. त्याने दांडग्या शिपायाची भूमिका घेतलेली असते, तरी प्रत्येक वेळी नुसत्या बोलण्याने तो काम साधून नेतो. तिथेही फासा हवाच, नाहीतर व्यापाऱ्यासाठी कौशल्य निवडणारीवर अन्याय होतो.

मग बोलायचेच नाही का? बोलायचे, पण भाषण नको. पात्राला नेमके काय हवे आहे आणि समोरच्याला ते का पटावे, एवढे सांगितले तरी पुरे. ‘मी त्याला औषधाची बाटली दाखवते आणि तुझ्या घरी लहान मूल आहे का, असे विचारते,’ हे एक वाक्य दहा टाळीबाज वाक्यांपेक्षा मोलाचे आहे. कारण पटण्यासारखे असेल तर सूत्रधार दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची सवलत देऊ शकतो. मग त्याच व्यापाऱ्याला शंभरात जवळजवळ ८० वेळा यश मिळते.

फासा कधी टाकू नये?

फासा म्हणजे जादूटोणा नव्हे. राजाला ‘तुझे राज्य मला दे’ म्हटले आणि वीस पडले, म्हणून तो सिंहासन सोडून उठत नाही. २०२४च्या सुधारित नियमांत हे चांगले मांडले आहे. समोरचा आधीच राजी असेल तर फासा नको. त्याला ते मुळीच मान्य नसेल तरी फासा नको. तो द्विधा असेल तेव्हाच फासा टाकायचा.

सोबत्यांच्या पात्रांवर तर हा फासा चालवूच नये. ‘मला पंधरा पडले, आता तुझी तलवार मला दे,’ असे म्हटले की खेळाची मजा जाते आणि भांडण उरते. सोबत्याचे मन वळवायचे असेल तर त्याच्याशीच बोलावे. तो नाही म्हणाला तर ते नाहीच.

आणखी एक. फासा कमी पडला म्हणून कथा तिथेच अडू देऊ नये. अपयशाने वाट बदलावी, बंद होऊ नये.

आता तीच संध्याकाळ पुन्हा पाहा. मुलगी चाचरत म्हणते, ‘‘मी त्याला समजावते.’’ सूत्रधार झालेला तिचा आतेभाऊ हसत नाही. तो विचारतो, ‘‘काय सांगतेस त्याला?’’ ती बाटली दाखवते, मुलाच्या तापाचे सांगते. तिला दोन फासे मिळतात. एकावर ४ पडतात, दुसऱ्यावर ९. नऊ आणि पाच, चौदा! एकाने हुकले. पहारेकरी म्हणतो, ‘‘दार उघडणार नाही. औषध टोपलीतून वर द्या.’’

सगळे हळहळतात. तेवढ्यात तीच मुलगी म्हणते, ‘‘देते. पण किती थेंब द्यायचे ते मला मुलाच्या आईला सांगायचंय. तिला बोलवा, दादा.’’

हे बोलताना ती चाचरली नाही. तिच्या ते लक्षातही आले नाही.

आपल्या घरी मुले हा खेळ मांडतील, तेव्हा सूत्रधाराला एवढेच सांगा: हसू नकोस, ‘काय सांगतेस त्याला?’ असे विचार, आणि मगच फासा हातात दे.