सवलत तालुक्याच्या नावावर, पैसा कोणाच्या खात्यावर?

आपला तालुका सरकारदरबारी कोणत्या अक्षराखाली नोंदला आहे, हे ठाऊक आहे का? अ, ब, क, ड की ड अधिक? शेताचा गट नंबर आपल्याला झोपेतही आठवतो. पण हे एक अक्षर पारावर बसलेल्या दहा जणांना विचारा, नऊ जण एकमेकांकडे बघतील. कारखानदाराला मात्र ते जागा पाहायला येण्याआधीच पाठ असते. शासनाकडून त्याला किती पैसा परत मिळायचा, ते त्या अक्षरावर ठरते.

ही गोष्ट आजची नाही. १९६४ साली राज्य शासनाने सामूहिक प्रोत्साहन योजना काढली. मुंबई, ठाणे, पुणे एवढ्याच पट्ट्यात कारखान्यांची दाटी झाली होती. ती फुटावी, उद्योग मराठवाडा, विदर्भ, कोकण, खानदेशाकडे सरकावेत, हा हेतू. योजना राबवायला १९६६ मध्ये सिकॉम हे महामंडळ आले. पुढे १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ आणि २०१९ अशी योजना पुन्हा पुन्हा नवी होत गेली. कलमे बदलली, टक्केवारी बदलली, तत्त्व तेच राहिले. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. मुंबई-पुण्याचा विकसित पट्टा अ गटात, तिथे जवळपास काही नाही. ड अधिक गटाला भरपूर. त्याहून वर विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग.

आता हा पैसा येतो कसा, ते नीट समजून घ्या, कारण गावोगाव याच ठिकाणी घोळ आहे. ‘आपल्या तालुक्याला शासनाने सवलती दिल्या’ असे भाषणात ऐकले की आपल्याला वाटते, तालुक्याच्या नावाने काही रक्कम आली असेल, पंचायत समितीत पडून असेल. तसे काही नसते. आधी कारखान्याला विक्रीकर माफ व्हायचा किंवा बऱ्याच वर्षांनी भरायची मुभा असायची. २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला, २०१७ मध्ये जीएसटी आला, तशी पद्धत फिरली. कारखान्याने कर भरायचा आणि राज्याच्या वाट्यातून ठरलेला भाग अनुदान म्हणून परत घ्यायचा. शिवाय वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, लहान उद्योगांना व्याजात सूट. किती गुंतवणूक केली, त्याच्या प्रमाणात या सगळ्याला वरची मर्यादा. म्हणजे मागास म्हणून नाव आपले, रक्कम कारखान्याच्या खात्यावर.

यात वावगे काही नाही, असे कोणी म्हणेल. तेही खरे आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि गंगापूर तालुक्यातल्या त्या माळरानाचे रूप पालटले. एका मोठ्या कारखान्यामागे सुटे भाग करणारी शेकडो लहान वर्कशॉपे उभी राहिली, घरटी एक तरी पगार सुरू झाला. पैशाने उद्योग येतो, यात शंका नाही. मात्र दुसरे चित्रही आपण पाहिलेले आहे. तालुक्याच्या वसाहतीत पाटी गंजलेली, शेडला कुलूप, आत बाभळी. सवलतीची मुदत असेपर्यंत धुराडे चालते, मुदत सरली की मालक दुसऱ्या तालुक्याचे अक्षर बघायला लागतो. तेव्हा उद्योग आणायला पैसा द्यावा की नाही, हा वाद आपला नव्हे. तो मंत्रालयात ठरतो. पैसा आपल्या मागासलेपणाच्या नावावर जात असेल, तर त्याबरोबर लिहिलेल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे विचारायचा हक्क मात्र आपला आहे.

सगळ्यात मोठी अट नोकरीची. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षक दर्जाच्या जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर किमान ८० टक्के स्थानिक लोक घ्यायचे आहेत. गावात हा आकडा बहुतेकांना माहीत असतो. माहीत नसतो तो ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ. स्थानिक म्हणजे ज्याची जमीन गेली तो नव्हे, शेजारच्या गावचाही नव्हे. महाराष्ट्रात १५ वर्षे रहिवास असलेला कोणीही स्थानिक. कागदावर ८० टक्के तंतोतंत भरतात आणि वेशीवरच्या पोराला गेटवरून परत पाठवतात, त्यात नियमाचा भंग होत नाही. म्हणून प्रकल्पग्रस्तांसाठी नोकरीचा शब्द हवा असेल, तर तो वेगळा, नावानिशी आणि जमीन देण्याच्या वेळीच लिहून घ्यावा लागतो. ‘८० टक्क्यांत येतेच की’ या आश्वासनावर सही करू नका.

मोठ्या गुंतवणूक क्षेत्राचा हिशेब आणखी निराळा. शेंद्रा-बिडकीनचे उदाहरण घ्या. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली ही जागा छत्रपती संभाजीनगरजवळ आहे. त्यातल्या एकट्या बिडकीनचे क्षेत्र ७,८५५ एकर आणि मंजूर खर्च ६,४०० कोटींहून जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केले. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी यांचे प्रकल्प तिथे जाहीर झाले. हा एवढा पैसा कुठून आला? त्यासाठी एक कंपनी काढली. तिच्यात राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा वाटा ५१ टक्के, केंद्राच्या न्यासाचा ४९ टक्के. केंद्राने आपला वाटा रोख दिला. राज्याने काय दिले? जमीन! राज्याच्या ५१ टक्क्यांचे भांडवल म्हणजे पैठण तालुक्यातली ज्वारी-कापसाची रानेच की. ती संपादताना शेतकऱ्यांना एकरी २३ लाख रुपये मिळाले. त्या वेळी हा दर चांगला मानला गेला, आणि होताही. आता नुसता अंदाज म्हणून गणित मांडा. मंजूर खर्चाला एकरांनी भागा. रस्ते, पाणी, वीज, गटार यांवर एकरी ८० लाखांच्या वर पडतात. तेवढा खर्च झालेली जमीन पुढे कोणत्या भावाने जाईल, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा हिस्सा किती, हा प्रश्न मोबदल्याचा धनादेश वटण्याआधी विचारायचा असतो. नंतर तो विचारणारा फक्त मोर्चात दिसतो.

औद्योगिक वसाहतीसाठी जमीन जाते ती बहुधा १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली. त्याचे सहावे प्रकरण आपल्या गावाला लागू झाल्याची अधिसूचना निघाली की सातबाऱ्याच्या इतर हक्कात शेरा पडतो. गावाच्या भाषेत ‘एमआयडीसीचा शिक्का’. त्यानंतर कलम ३२ ची नोटीस येते, म्हणणे मांडायला सांगतात. शेवटी राजपत्रात घोषणा झाली की जमीन शासनाची. शिक्का आणि घोषणा यांच्यामध्ये कधी कधी वर्षेच्या वर्षे जातात. तोवर जमीन आपल्या नावावर असते, पण विकता येईना, बँक कर्ज देईना. म्हणून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण तोंडात तलाठीच बसलेला आहे) दर सहा महिन्यांनी उतारा काढून बघत जा. नोटीस आली तर तोंडी बोलून येऊ नका. लेखी म्हणणे द्या आणि पोच घ्या.

‘२०१३ च्या कायद्यात आमची संमती लागते’ असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. त्या कायद्यातली संमतीची अट खासगी कंपनीसाठी आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी आहे. शिवाय २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून औद्योगिक विकास कायद्याखालचे संपादन त्यातल्या बऱ्याच पायऱ्यांतून, सामाजिक परिणामांच्या अभ्यासातूनही, बाहेर काढले. मोबदला आणि पुनर्वसन मात्र २०१३ च्याच मापाने द्यायचे आहे. ते माप असे. बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला एक ते दोनपर्यंतचा गुणक आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम. आता बाजारभाव कुठून काढतात? एक तर सरकारी दरतक्ता. नाही तर आधीच्या तीन वर्षांत आसपास झालेली खरेदीखते, त्यांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी. दोन्हींत जे जास्त ते धरायचे. आणि आपण काय करतो? दहा लाखांचा व्यवहार करायचा, मुद्रांक वाचवायला खतावर चार लाख लिहायचे. उरलेले सहा पिशवीत. त्या दिवशी वाचलेले काही हजार उद्या साऱ्या शिवाराच्या मोबदल्यातून जातात. कारण मोजणी अधिकारी पिशवी पाहत नाही, खत पाहतो.

दर वाटाघाटीने ठरणार असेल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. संमतीने दर मान्य करून करार केला की वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाची वाट जवळपास बंद होते. संयुक्त मोजणीच्या दिवशी कितीही महत्त्वाचे काम असो, बांधावर हजर राहा. विहीर, बोअर, पाइपलाइन, आंब्याची झाडे, गोठा हे सगळे पंचनाम्यात आले का, ते स्वतः वाचून मगच सही करा. लिहायचे राहिले तर त्याचे मोल शून्य.

‘परतावा’ हा शब्दही गोड आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड सेझमध्ये जमीन देणाऱ्यांना मोबदल्याखेरीज १५ टक्के परतावा कबूल झाला होता. तो वेगळा भूखंड म्हणून हातात न येता एका कंपनीतल्या भागांच्या रूपात आला. भाग हातात, जमीन दिसेना. शेतकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. तेव्हा परताव्याचा आकडा ऐकून खूश होऊ नका. तो कुठल्या गटात, केव्हा, विकास खर्च कोणाच्या माथी आणि सातबारा की मिळकतपत्रिका कोणाच्या नावाने, हे करारात असू द्या.

नको म्हणणारेही होते. रायगडच्या पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावे महामुंबई सेझमध्ये जाणार होती. धरणाचे पाणी शेताला द्यायचे की शेतच द्यायचे, असा सवाल गावकऱ्यांनी केला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथे शासनाला जनमत घ्यावे लागले. ते सेझ उभे राहिले नाही. प्रत्येक गावाने हेच करावे असे आमचे म्हणणे नाही. कोरडवाहू माळाचा आणि धरणाखालच्या भाताचा न्याय एक नसतो.

मोठ्या आकड्यांच्या सावलीत लहान पैसा दिसेनासा होतो, तोही सांगून ठेवतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या लहान उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आदींना ३५ टक्के अनुदान ठेवले आहे. डाळमिल, वेल्डिंग, कारखान्याला पॅकिंगचे खोके पुरवणे, असल्या धंद्यांना ते पुरते. अडते ते बँकेत. जिल्हा उद्योग केंद्राने शिफारस केली तरी शाखाधिकारी फाइल दाबून बसतो. अशी प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे नेता येतात. ही समिती फक्त मोठ्या कारखानदारांची, असा समज करून घेऊ नका.

सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत एवढे करावे. आपल्या हद्दीतल्या कोणत्या उद्योगाला कोणत्या साली पात्रता प्रमाणपत्र मिळाले, आजवर किती अनुदान वितरित झाले, स्थानिक कामगारांचा अहवाल त्याने शेवटचा केव्हा सादर केला, आणि तो ग्रामपंचायतीचा कर सध्याच्या कोणत्या आदेशानुसार भरतो, या चार गोष्टींची लेखी माहिती मागण्याचा ठराव घ्यावा. कार्यालयाने ठरावाला उत्तर दिले नाही, तर कोणाही ग्रामस्थाने स्वतःच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. मोठ्या प्रकल्पाची फाइल मुंबईला उद्योग संचालनालयात असते. ‘ती आमच्याकडे नाही’ असे म्हणून कोणी अर्ज परत करू लागला, तर तसाच घेऊन येऊ नका. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचे काम त्यांचे आहे.