मोटारसायकल ट्रॅकवर नेताना
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मोटारसायकली गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदलल्या. पूर्वी गाडी म्हणजे शंभर सीसीची, शेतावर जाणारी, दुधाचे कॅन वाहणारी आणि वेळ पडली तर चौघांना लग्नाला पोचवणारी. आता मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, कुठल्याही चौकात उभे राहा, दोनशे सीसीच्या, क्वचित चारशेच्या आसपासच्या गाड्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी आपल्या महाराष्ट्रातच, चाकणला तयार झालेल्या असतात. ताशी सव्वाशे किलोमीटरचा वेग त्यांना जड नाही.

गाड्या बदलल्या, पण त्या पळवायला जागा आहे का? समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. उरलेल्या रस्त्यांवर वळणापलीकडे बैलगाडी असेल की बिनदिव्याचा ट्रॅक्टर, हे सांगता येत नाही. सोयाबीनच्या हंगामात तर निम्म्या रस्त्यावर धान्यच पसरलेलं असतं. तरीही संध्याकाळी बायपासवर शर्यती लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्यापेक्षा मोठी भीती वेगळी आहे, आणि ती प्रत्येक गावाला माहीत आहे.

मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस. पोरं येतात आणि म्हणतात, "काका, सायलेन्सर बदला, गाडी पळत नाही." मी म्हणतो, "बाबा रे, पळवायचीच असेल तर ट्रॅकवर पळव." मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ट्रॅकवर न्यायला गाडीत काय काय घालावं लागतं? याचं खरं उत्तर असं, की घालायचं थोडं, काढायचं बरंच आणि तपासायचं सर्वांत जास्त.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी लक्षात घ्यावं. त्या दिवशी बंदिस्त ट्रॅक सर्वसाधारण चालकांना वापरायला मिळतो. अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या देतात. समोरून कोणी येत नाही, कडेला झाड नाही, खांब नाही, आणि पडलंच कोणी तर रुग्णवाहिका उभी असते. आपल्या देशात असे ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 1990 पासून आहे. त्याची लांबी सुमारे 3.7 किलोमीटर आणि वळणं बारा. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे 2003 चा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 2011 चा, पाच किलोमीटरहून थोडा मोठा. 2023 मध्ये तिथे मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली. वाशिमहून हिंगोली, नांदेड, हैदराबाद करत चेन्नईला जायचं तर हजार किलोमीटर सहज होतात. एवढ्या लांब जाऊन तपासणीत गाडी नाकारली गेली तर सगळा खर्च पाण्यात. म्हणून तयारी घरीच पक्की हवी.

सुरुवात इंजिनापासून नाही, ब्रेकपासून करायची. गाडी आणि चालक मिळून सव्वादोनशे किलो धरा. शंभरच्या वेगावरून ती पन्नासवर आणली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यावर एक पेलाभर पाणी उकळेल. वेग निम्मा झाला म्हणजे काम निम्मं झालं असं नाही. तीन चतुर्थांश ऊर्जा त्यातच जिरवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गावातून जाताना असा ब्रेक कधीतरी लागतो. ट्रॅकवर तो पंधरा मिनिटांत पंचवीस-तीस वेळा लागतो, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नसते.

इथे ब्रेक ऑइलचं वय कळतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. ओल धरलेल्याचा 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, पण दाब पुढे देत नाही. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते आणि हँडलपर्यंत येते. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ताजं, सीलबंद डब्यातलं ऑइल भरावं आणि हवा पूर्ण काढावी. दर्जा झाकणावर लिहिलेला असतो तोच घ्यावा. पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर बदलावेत, पण आदल्या रात्री नव्हे. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडं अंतर चालावं लागतं.

दुसरी गोष्ट टायर. गाडी आणि आपण, सगळ्यांचा भार जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या रबरावर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2321 असेल तर तो 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी जुनं, कडक झालेलं रबर पकड देत नाही. आपल्या सरळ रस्त्यांवर टायर मधोमध झिजून सपाट होतो. असा टायर वळणावर गाडी झुकवताना दगा देतो. ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा फुगते आणि दाब वाढतो. म्हणून सुरुवातीला थंड टायरमध्ये नेहमीपेक्षा दोन ते चार पीएसआय हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे. नेमका आकडा टायरप्रमाणे बदलतो, तेव्हा आयोजकांच्या माणसाला विचारावं आणि स्वतःचं हवा मोजायचं गेज जवळ ठेवावं. परतीच्या रस्त्याला लागताना हवा पुन्हा पूर्ववत करायची.

तिसरी गोष्ट, गाडीतून काहीही गळता कामा नये. सोयाबीनच्या दाण्यांवरून गाडी कशी घसरते हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ट्रॅकवर सांडलेलं चमचाभर ऑइल तेच काम करतं, आणि त्यात पडतो तो मागून येणारा. म्हणून ऑइलचा खालचा बोल्ट, फिल्टर, भरायचं झाकण, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील, सगळं फडक्याने पुसून कोरडं करा, गाडी थोडी चालवा आणि पुन्हा पाहा. शर्यतीच्या गाड्यांना हे बोल्ट बारीक तारेने बांधलेले असतात, म्हणजे हादऱ्याने सैल झाले तरी निघत नाहीत. नवशिक्यांच्या ट्रॅक डेला ही सक्ती सगळीकडे नसते. नियम आधी वाचावेत. ज्या गाड्यांना रेडिएटर आहे, त्यांतलं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरायला अनेक आयोजक सांगतात, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं तर फार निसरडं होतं. घरी आल्यावर मात्र कूलंट परत भरायचं, नाहीतर आतून गंज धरतो.

आता काढायचं काय? आरसे, नंबर प्लेट, लेग गार्ड, साडी गार्ड, मोबाइलचा स्टँड, मागची बॅग. मधला स्टँड असेल तर तोही, कारण गाडी झुकली की तो जमिनीला घासतो. हँडलला बांधलेलं लिंबू-मिरची आणि गोंडेसुद्धा घरी देवाजवळ ठेवावेत. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर निघत नसतील तर चिकटपट्टीने झाकायचे, म्हणजे पडल्यावर काचा पसरणार नाहीत. आरसा काढण्यामागे आणखी एक शहाणपण आहे. ट्रॅकवर मागे बघायचंच नसतं. ओव्हरटेक करण्याची जबाबदारी मागच्याची. या वस्तू एका पिशवीत बोल्टांसह ठेवा. रस्त्यावर आरसे, नंबर प्लेट आणि साडी गार्ड कायद्याने लागतात.

मग पाना हातात घेऊन गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासायची. चेनचा ढिलेपणा पुस्तिकेत दिला असेल तेवढाच हवा, आणि स्प्रॉकेटचे दाते वाकडे झालेले नकोत. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्ये अडकलं तर बॉल रेसर गेली. चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडला की तो आपोआप, झटकन मागे आला पाहिजे, हँडल कुठल्याही बाजूला वळवलेलं असो. किल स्विच चालला पाहिजे. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट योग्य आवळून त्यावर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. इंजिनाला ताजं ऑइल आणि स्वच्छ एअर फिल्टर एवढं पुरे.

खर्चाचा मोठा भाग गाडीवर नाही, अंगावर करावा. पूर्ण चेहऱ्याचं, पट्टा नीट बसणारं हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे आणि चामड्याचा सूट. जीन्स डांबरावर घासली की क्षणात फाटते. सूट महाग असतो. काही ठिकाणी भाड्याने मिळतो, तशी चौकशी आधी करावी. विम्याचंही तसंच. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा तिथे गाडी पडली तर खर्च आपला. गाडी रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि कागदपत्रं लागतात. हजार किलोमीटर चालवत जाऊन लगेच ट्रॅकवर उतरू नये. थकलेला माणूस उशिरा ब्रेक दाबतो.

तिथे सकाळी तपासणी होते, मग सूचना देतात. झेंडे पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळा दाखवला तर बोलावणं तुम्हाला आहे. पहिल्या फेऱ्या रमतगमत करा. प्रत्येक फेरीनंतर पाणी प्या, टायरची हवा मोजा, बोल्टांवरच्या रेघा बघा.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, "आमचं पोरगं काही चेन्नईला जाणार नाही, मग हे कशाला?" मला सांगायचं आहे ते नेमकं हेच. वरच्या यादीतली नव्वद टक्के कामं ट्रॅकची नाहीतच. ब्रेक ऑइल, टायरचं वय, सैल बोल्ट, चेन आणि हेल्मेट ही मालेगाव ते वाशिम जाणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीचीही कामं आहेत. ट्रॅकवर ती करून घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. रस्त्यावर विचारणारं कोणी नाही, एवढाच फरक. ज्याला वेगाची हौस आहे त्याने वर्षभर पैसे साठवावेत आणि एकदा तरी ट्रॅकवर जाऊन यावं. आणि आईवडिलांनी, मुलगा नवा सायलेन्सर मागेल तेव्हा आधी विचारावं, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?