चाकावरच्या कमानीचे अस्तर : नमद्याचे की प्लॅस्टिकचे?



गळीत हंगाम संपला की तोडणी-वाहतुकीच्या गाड्यांची धावपळ थांबते, पण घरची पिकअप काही थांबत नाही. खताची पोती, बियाण्याच्या मोळ्या, दुधाचे कॅन, बाजारचा माल आणि वेळप्रसंगी घरातले आजारी माणूस, सगळे तिच्यावरच. अशी गाडी घेणाऱ्या सभासदांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो : "चाकाच्या वरच्या कमानीला आतून अस्तर बसवायचं म्हणतोय. दुकानदार दोन दाखवतो, एक मऊ घोंगडीसारखं, एक कडक प्लॅस्टिकचं. घेऊ कुठलं?" प्रश्न छोटा दिसतो, पण चुकला तर पत्रा खातो आणि टायरही कापतो. आम्ही स्वतः यात एकदा फसलो आहोत, म्हणून चार गोष्टी सविस्तर सांगतो.

अस्तर कशासाठी?

चाक फिरताना चिखल, पाणी, खडी वर फेकते. हा मारा थेट पत्र्यावर बसला की रंग टवकारतो. उघड्या लोखंडाला पाणी व हवा मिळाली की गंज धरतो, आणि त्यात क्षार मिसळले की तो दुप्पट जोमाने पसरतो. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी पिकअपच्या मागच्या उघड्या कमानी खाते, म्हणून तिकडे अशी अस्तरे वेगळी विकत घेऊन बसवण्याची पद्धत वाढली.

आपल्याकडे बर्फ नाही, पण क्षार आहेत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खाण्याच्या मिठाचाच भाऊबंद. फुटक्या पोत्यातून ते हौद्यात सांडते, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि सांध्यात बसते. कोकणात ज्यांची गाडी जाते त्यांना खाऱ्या हवेचे सांगायलाच नको.

एक खुलासा आधीच करतो. उसाच्या ट्रॉलीला हा विषय लागू नाही. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे सुटा हौदा असतो. त्याच्या चाकावर मडगार्ड आणि रबरी फडके धड असले की भागते. पत्र्याची बंद कमान असते ती पुढच्या चाकांवर. डबल केबिनच्या एकसंध बॉडीच्या गाड्यांना मात्र मागेही असते. अस्तराचा विचार करायचा तो या बंद कमानीपुरता.

नमदा म्हणजे काय?

नमदा किंवा फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. धागे एकमेकांत सुयांनी टोचून, दाबून त्याचा थर करतात. गाडीच्या नमद्यात लोकर नसते, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे असतात. पॉलिएस्टरचा धागा स्वतः आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतो. त्यामुळे "आमचा नमदा पाणी पीत नाही" असे दुकानदार म्हणतो ते खोटे नसते, पण अर्धेच खरे असते. पाणी धाग्यात शिरत नाही, धाग्यांच्या मधल्या पोकळीत अडकून बसते. धागा कोरडा आणि नमदा ओला, अशी ही गंमत आहे.

नमद्याचा मोठा गुण म्हणजे शांतता. खडी आपटली तरी तो मार पोटात घेतो आणि त्याच्या असंख्य छिद्रांत आवाज जिरतो. प्लॅस्टिकवर तीच खडी ताशासारखी वाजते. म्हणूनच अनेक मोटारींना कारखान्यातून पुढच्या चाकांवर प्लॅस्टिक आणि मागच्या चाकांवर, बसणाऱ्या माणसाच्या कानाजवळ, नमदा लावून येतो. पुढे चिखल अडवून इंजिनाकडच्या तारा आणि हॉर्न सांभाळायचे असतात, मागे आवाज मारायचा असतो. ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे.

आमचे काय झाले?

आमच्या वडिलांना दर आठवड्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागे. रस्ता निम्मा खडीचा. प्रत्येक दगडाच्या आवाजाला म्हातारा दचकायचा. पुढचे जुने प्लॅस्टिक फुटले होतेच, म्हणून आम्ही उन्हाळ्यात नमद्याचे अस्तर बसवून घेतले. पहिले दोन महिने खरेच सुख लागले. वडील म्हणाले, "आता गाडी गाडीवानी वाटती."

मग पाऊस लागला. आमचे रान काळे. दख्खनच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाण्याने फुगते आणि लागेल त्याला धरते. प्लॅस्टिकवर ती बसली तरी पाण्याच्या झोताने सुटते, नमद्यात मात्र तिचे बारीक कण आत शिरून रुतून बसतात. रोज थोडा थोडा थर चढत गेला. एके दिवशी दवाखान्यातून परत येताना उजव्या वळणावर खर्रर्र असा आवाज आला. आम्ही म्हटले, दगड अडकला असेल, आणि तसेच कोसभर आलो. उतरून पाहिले तर मातीच्या वजनाने दोन क्लिपा निसटलेल्या, अस्तर लोंबून चाकाला घासत होते आणि निघालेल्या स्क्रूने टायरच्या बगलेत बोटभर लांब चर पाडला होता. बगलेला ठिगळ चालत नाही, टायर टाकूनच द्यावा लागला. तोच टायर भर वेगात फुटला असता तर? शेजारच्या सीटवर वडील होते. तो विचार आजही नको वाटतो.

अस्तर काढले तेव्हा आतल्या पत्र्यावर गंजाचे फोड आलेले. दोष एकट्या नमद्याचा नव्हता. बसवताना आतली जुनी माती धुतली नव्हती, टवका उडालेल्या जागी रंग दिला नव्हता आणि भरल्या गाडीवर चाक फिरवून पाहिले नव्हते. ओली माती पत्र्याला चिकटून राहिली तर पत्रा आठ-आठ दिवस वाळत नाही. चुकीचे अस्तर म्हणजे जखमेवर ओली पट्टी बांधण्यासारखे झाले.

मग घ्यावे कुठले?

ज्यांचे रान काळे आहे, गाडी पावसाळ्यात बांधापर्यंत जाते, खताची वाहतूक नेहमीची आहे, त्यांनी प्लॅस्टिकच घ्यावे. धुवायला सोपे, पाणी धरत नाही, आकार सोडत नाही. ते पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि ओल्या मातीचा वा खताचा त्याच्यावर सहसा परिणाम होत नाही. दोन उणिवा लक्षात ठेवाव्यात. एक, ते वाजते. दोन, हलक्या प्रतीचे असेल तर खडीच्या माराने तडकते. घेताना कडेचा भाग हळू वाकवून पाहावा, लगेच पांढरी रेघ उमटून तडा जात असेल तर परत ठेवावे. सायलेन्सरला टेकेल असेही बसवू नये, पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते.

ज्यांची गाडी बहुतेक डांबरी किंवा मुरमाड, खडीच्या रस्त्याने चालते, शेतात क्वचितच उतरते आणि माणसांची ने-आण जास्त, त्यांना डबल केबिनच्या मागच्या कमानीला नमदा चांगला. पुढे मात्र त्यांनीही प्लॅस्टिकच ठेवावे.

निर्णय होत नसेल तर घरीच परीक्षा करा. दुकानदाराकडून नमद्याचा वीतभर तुकडा मागा. किराणा दुकानच्या काट्यावर वजन करा, आपल्या रानातली माती कालवलेल्या बादलीत बुडवा, रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी पुन्हा वजन करा. जे वजन वाढले तेच तुमच्या क्लिपांवर लोंबणार. कुणाला विचारायला नको.

बसवताना घ्यायची काळजी

१. आधी कमान पाण्याच्या जोराने धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. गंज तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड मारून वर रंग द्यावा. अस्तर गंज झाकण्यासाठी नसते.

२. शक्यतो जुन्याच छिद्रांचा उपयोग करावा. नवे भोक पाडलेच तर त्याच्या कडेला रंग लावल्याशिवाय स्क्रू घालू नये. नव्या भोकापासूनच गंज सुरू होतो.

३. खालच्या कडेला पाणी निथळायला वाट ठेवावी. सगळे चिकटवून बंद केले तर आत आलेले पाणी आतच राहते.

४. रिकाम्या गाडीवर तपासणी करून समाधान मानू नये. गाडी भरून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. चाक आणि अस्तर यांत चार बोटे जागा हवी. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर आणखी जपावे.

५. आठ दिवसांनी आणि त्यानंतर दर महिन्याला हाताने ओढून क्लिपा तपासाव्यात. पावसाळ्यात रानातून आल्यावर कमानीत पाण्याचा झोत मारावा. ऊसतोडीच्या दिवसांत एक्सलला, सायलेन्सरजवळ गुंडाळलेले पाचटही त्याच वेळी काढावे, वाळले पाचट तापल्या नळीवर पेट घेऊ शकते.

६. चाकाजवळ नवा आवाज आला तर गाडी तिथेच बाजूला घ्यावी. "घरी जाऊन बघू" म्हणू नये. आम्ही तसे म्हटले होते.

वडिलांचे काय, असे कोणी विचारील. आम्ही पुढे प्लॅस्टिकच बसवले. आवाजासाठी नमदा आणला तो केबिनच्या आत, पायाखालच्या रबरी मॅटच्या खाली अंथरला. तिथे तो कोरडा राहतो आणि आवाजही बराच मारतो. नमदा वाईट नाही, त्याला जागा कोरडी पाहिजे, एवढेच. वडील आता म्हणतात, "थोडं वाजतं, पर वाजू दे. वाजतंय तवर जागच्या जागी हाय म्हनायचं."

सभासदांनी पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी एकदा गाडीच्या कमानीत हात घालून पाहावे, ही विनंती.